रेषेला लांबी असते

पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने पाच ओळी लिहिलेल्या होत्या. ९.४०, ११.१५, १.०५, ३.३०, ५.५०. प्रत्येक वेळेपुढे एकच शब्द होता, क्रेन.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली ती फाउंड्री. पुण्याजवळच्या भोसरीहून मी पहाटे निघालो होतो. खांद्यावर ऑसिलोस्कोपची बॅग, पिशवीत दोन स्पेअर कार्डं आणि मनात पक्का समज, की दोष त्यांच्या अर्थिंगमध्ये आहे. दोन आठवडे फोनवर मी तेच सांगत होतो. मेंटेनन्सचे मामा (तिथं सगळेच त्यांना मामा म्हणत, मग मीही म्हणू लागलो) पहिल्या फोनपासून एकच गोष्ट सांगत होते. "साहेब, तुमचं कार्ड लई गुणाचं हाय. पर क्रेन हलली की त्येला काय तरी हुतंय बघा." मी ते ऐकून घेतलं होतं, पण विश्वास ठेवला नव्हता. क्रेनचा सप्लाय वेगळा, आमच्या पॅनलचा वेगळा. दोघांचा संबंध नाही. निदान माझ्या ड्रॉइंगमध्ये तरी नव्हता.

आमची कंपनी लहान. मशिनरी बनवणाऱ्यांना लागणारी कंट्रोल कार्डं आम्ही डिझाइन करतो आणि बनवतो. सर्किट, पीसीबीचा लेआउट, पार्ट्सची निवड, पहिले नमुने आणि त्यांची चाचणी, पुढे उत्पादनात येणाऱ्या अडचणी, एवढं सगळं हार्डवेअर डिझाइनकडे. शिरोलीचं कार्ड सँड प्लांटचं होतं. साचे बनवण्याची वाळू म्हणजे नुसती वाळू नसते. तिच्यात बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं, आणि ते प्रमाणात मिसळावं लागतं. वाळूची बकेट रुळावरून वर चढते, वर पोचली की तिथला प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे सगळे ज्याला प्रॉक्सी म्हणतात तो, कार्डाला सांगतो की आली. मग कार्ड गेट उघडतं आणि वाळू मिक्सरमध्ये पडते.

इथं बकेट अर्ध्या वाटेवर असतानाच गेट उघडत होतं. अर्धा टन वाळू खाली फरशीवर. तीन महिने नीट चाललेलं कार्ड गेल्या महिनाभरात अकरा वेळा असं वागलं होतं. दर वेळी चार माणसं फावडी घेऊन तासभर वाळू ओढत होती. खाली कुणी उभं नव्हतं, हे नशीब. त्या दिवशी मी पहिल्यांदा बकेटच्या खाली उभा राहून वर पाहिलं, आणि पोटात गोळा आला. टेबलावर ज्याला मी 'चुकीचा इनपुट' म्हणत होतो, तो इथं माणसाच्या डोक्यावर होता.

मामांनी क्रेनवाल्याला हाक मारली. मी स्कोप प्रॉक्सीच्या इनपुटवर लावून बसलो. क्रेन पुढे गेली, काही नाही. थांबली, काही नाही. हुक खाली आला, थांबला, आणि पडद्यावरची स्थिर रेष एकदम काट्यांच्या कुंपणासारखी झाली. पंधरा-वीस मिलिसेकंद, मग पुन्हा शांत. पुन्हा हुक थांबवला, पुन्हा कुंपण. मामा काही बोलले नाहीत. खडूच्या पाच ओळींकडे त्यांनी एकदा पाहिलं, एवढंच.

"प्रॉक्सीची केबल कुठून आणलीय?" मी विचारलं.

ती त्यांनी दाखवली. पॅनलमधून निघून भिंतीने वर, तिथून क्रेनच्या फीडर केबलच्या ट्रेमध्ये, त्याच ट्रेमधून शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणि मग खाली बकेटच्या रुळाशी. सुरुवातीला ती वेगळी होती. महिन्यापूर्वी उंदरांनी कुरतडली म्हणून नवी टाकली, आणि ट्रेमध्ये रिकामी जागा दिसली म्हणून तिच्यातून नेली. कुणीही तेच केलं असतं. आम्ही टेपने मोजली. ४२ मीटर.

माझ्या टेबलावर चाचणी करताना ती वायर एक फुटाची होती. आणि ड्रॉइंगमध्ये ती तीन बोटांची एक सरळ रेष होती.

*

कॉलेजात आम्ही ८०५१ वर शिकलो. इंटेलची १९८० सालची चिप, पण आमच्या किटवर अ‍ॅटमेलची ८९सी५१ असायची. सर्किट काढायचो, ब्रेडबोर्डवर जोडायचो, एलईडी लुकलुकला की आनंद. तिथं दोन टोकं जोडणारी रेष म्हणजे फक्त 'ही दोन टोकं एकच आहेत' असं सांगणारी खूण. तिला लांबी नाही, वजन नाही, शेजारी नाही. तीन आडव्या रेघांची ग्राउंडची खूण पानावर वीस ठिकाणी काढली तरी वीसही ठिकाणी शून्य व्होल्टच.

असं नसतं हे परीक्षेपुरतं माहीत होतं. सरळ वायरच्या दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स धरतात, हे सूत्र मी वहीत लिहिलं होतं. पण एक मायक्रोहेन्री ही क्षुल्लक गोष्ट वाटते, आणि ५० हर्ट्झला ती आहेही क्षुल्लक. पण हुक थांबताना कॉन्टॅक्टरच्या किंवा ब्रेकच्या कॉइलचा सप्लाय तुटला की तिच्यात साठलेली ऊर्जा कुठंतरी जायला हवी. उघडणाऱ्या संपर्कांमध्ये ठिणगी पडते, विझते, पुन्हा पडते, असं शेकडो वेळा होतं आणि प्रत्येक ठिणगीबरोबर काहीशे ते काही हजार व्होल्टचा एक झटका निघतो. तो नॅनोसेकंदांत चढतो. त्या वेगाला मायक्रोहेन्री क्षुल्लक राहत नाही, आणि दोन केबलींमधलं प्लास्टिकचं आवरणही आवरण राहत नाही. ४२ मीटर शेजारी शेजारी पडलेल्या दोन केबली म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटर.

गंमत म्हणजे याची अधिकृत चाचणीच आहे. आयईसी ६१०००-४-४ हे मानक नेमकी हीच परिस्थिती प्रयोगशाळेत उभी करतं. पाच नॅनोसेकंदांत चढणारे, पन्नास नॅनोसेकंद रुंदीचे झटके. त्यांचा १५ मिलिसेकंदांचा एक जथा, आणि दर ३०० मिलिसेकंदांनी नवा जथा. सेन्सरच्या केबलवर तो घालायचा तर केबल एका लांब धातूच्या क्लॅम्पमध्ये ठेवतात, कुठंही विद्युत जोडणी न करता, फक्त शेजार. शिरोलीतली ती ट्रे म्हणजे तो क्लॅम्पच होता. आमच्या कार्डाची ही चाचणी झाली होती, पण फक्त सप्लायच्या बाजूने. सेन्सरची केबल तीन मीटरपेक्षा लहान असेल तर तिच्यावर करायची गरज नसते, आणि चाचणीच्या अर्जात केबलच्या लांबीच्या रकान्यात मी स्वतः 'तीन मीटरच्या आत' असं लिहिलं होतं. ग्राहकाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच लक्षात आलं नव्हतं.

बाकीची चूकही माझीच होती. प्रॉक्सी एनपीएन प्रकारचा, म्हणजे आउटपुट खाली ओढणारा. कार्डावर पाच व्होल्टला दहा किलोओमचा पुलअप दिला की सिग्नल थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर घेता येतो, ऑप्टोकपलरचे, म्हणजे सिग्नल प्रकाशाने पोचवून दोन बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या पार्टचे, चार-पाच रुपये वाचतात. मी ते वाचवले होते. दहा किलोमधून पाच व्होल्टला वाहतो अर्धा मिलिअँपिअर. एवढ्या दुबळ्या सिग्नलला कुणीही ढकललं तरी तो सरकतो. कारखान्यांतले तयार कंट्रोलर, म्हणजे पीएलसी, बनवणाऱ्यांनी इनपुटसाठी २४ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअर करंट का ठेवला असेल, हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. ते त्या दिवशी स्कोपच्या पडद्यावर कळलं.

नवीन कार्डात २४ व्होल्टचा इनपुट, २.२ किलोओमचा रेझिस्टर, ऑप्टोकपलर, म्हणजे वायरमधून साधारण दहा मिलिअँपिअर. सिग्नल सलग ५० मिलिसेकंद टिकला तरच सॉफ्टवेअरने तो खरा मानायचा. बकेट खालून निघाल्यापासून वर पोचायला जेवढे सेकंद लागतात, त्याआधी आलेली 'आली' ही खबर मानायचीच नाही. आणि गेटच्या वाटेत एक वेगळा लिमिट स्विच थेट वायरिंगमध्ये, कार्डाला न विचारता गेट बंद ठेवणारा. हा शेवटचा स्विच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या डोक्यावरची वाळू एका चिपच्या भरवशावर ठेवू नये.

तोवर तात्पुरतं म्हणून मामांनी आणि मी त्याच संध्याकाळी केबल ट्रेमधून काढून वेगळ्या पाइपमधून नेली, शिल्डचं टोक पॅनलच्या बाजूला अर्थ केलं, क्रेनच्या ब्रेक कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर शंभर ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, झटका शोषणारा स्नबर लावला. रात्री साडेआठला क्रेनवाल्याने हुक वीस वेळा वर-खाली केला. पडद्यावरचं कुंपण गेलं होतं. मामांनी ओल्या फडक्याने दारावरचा खडू पुसला.

*

त्या कार्डाने मला पुढे आणखी एकदा शिरोलीला नेलं, बसवल्यापासून सतराव्या महिन्यात. तक्रार वेगळी होती. सकाळी पहिल्या पाळीला कार्ड चालू होत नाही, रिले टकटक करतो, डिस्प्ले लुकलुकतो. पॅनलमध्ये शंभरचा बल्ब लावून अर्धा तास गरम केलं की चालू होतं, मग दिवसभर काही नाही.

पॅनल उघडं होतं आणि समोर पायावरचा पंखा पूर्ण वेगात चालू होता. मी आत थर्मामीटर धरला. दार लावून तासाभराने ६४ अंश. भट्टी पलीकडच्याच भिंतीला. दार उघडं म्हणून कार्डावर काळी, मऊ धूळ बसलेली, बोटाला काजळासारखी लागणारी. त्या धुळीत कोळसा असतो आणि लोखंडाचा अंशही. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत ती ओली झाली की दोन ट्रॅकमध्ये वाट तयार करते. पण या वेळी दोष धुळीचा नव्हता. पॉवर सप्लायचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वरून फुगला होता. नखाने दाबला तर टोपीचा फुगवटा स्पष्ट जाणवत होता.

बाजूला छापलं होतं, ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, ८५ अंश.

मी १०५ अंशांचा धरून डिझाइन केलं होतं. या कपॅसिटरमध्ये ओला रस असतो, आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. ढोबळ नियम असा, की दर दहा अंश कमी केले की आयुष्य दुप्पट. दोन हजार तासांचा १०५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांना बत्तीस हजार तास चालावा. तेवढ्याच तासांचा ८५ अंशांचा फक्त आठ हजार. दोन पाळ्यांच्या कारखान्यात आठ हजार तास म्हणजे पाचशे दिवस, मोजक्या सुट्ट्या धरून जेमतेम सतरा महिने. गणित इतकं तंतोतंत जुळलेलं पाहून मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढे आली ती त्याच लॉटमधली बाकीची कार्डं, जी वेगवेगळ्या गावांत आपापले पाचशे दिवस मोजत होती.

भोसरीला परत येऊन मी तावातावाने परचेसमध्ये गेलो. तिथला माझा मित्र शांतपणे उठला, फाइल काढली आणि माझीच पार्ट लिस्ट पुढे ठेवली. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीने: ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, रेडियल. तापमान नव्हतं. कंपनीचं नाव नव्हतं. "तू लिहिलंस तेच आणलंय," तो म्हणाला. एका कपॅसिटरमागे एक-दीड रुपया वाचला होता आणि तो वाचवणं हेच त्याचं काम होतं.

डिझाइनच्या खुर्चीतून परचेसच्या खुर्चीपर्यंत वीस पावलं आहेत. तिथंही मी एक रेष ओढून मोकळा झालो होतो, दोन टोकं एकच आहेत असं समजून. माझ्या डोक्यात जे होतं ते त्याच्या डोक्यात आपोआप पोचेल, असं मी धरून चाललो होतो. तेव्हापासून पार्ट लिस्टमध्ये प्रत्येक ओळीला तापमान, निर्मात्याचा पूर्ण पार्ट नंबर आणि दोन मान्य पर्याय असतात. शिवाय एक रकाना असतो, 'का बदलायचा नाही'. त्या रकान्यात मी पूर्ण वाक्यं लिहितो. परचेसवाला अडवण्यासाठी बसलेला नसतो. कारण कळलं की तोच आपल्या बाजूने सप्लायरशी भांडतो.

तो लॉट आम्ही परत मागवला. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्यांच्याकडचीही कार्डं. खर्च झाला, तो कंपनीने सोसला. मालक मला एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी आधी सांग. चूक केली म्हणून ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळे पुढच्या चुका मी लपवल्या नाहीत.

*

सॉफ्टवेअरमधल्या मित्रांना एक गोष्ट समजावणं अवघड जातं. त्यांच्या चुकीला दुरुस्ती असते, रात्रीतून ती सगळ्यांपर्यंत पोचते. आमची चूक तांब्यात कोरलेली असते. ती तीनशे पॅनलांमध्ये स्क्रूने आवळलेली असते आणि तिच्यापर्यंत कुणालातरी एसटीने जावं लागतं. म्हणून आमच्या कामातला बराच वेळ डिझाइन करण्यात जात नाही, डिझाइन कुठं मोडेल हे शोधण्यात जातो. आणि ते शोधणारी माणसं बहुतेक वेळा डिझाइनची नसतात.

आमच्या असेंब्लीत एक ताई आहेत. दिघीहून येतात, अकरा वर्षं कार्डं जोडतायत. एका नव्या कार्डाचे पहिले दोनशे नग झाले आणि फील्डवरून महिनाभरात सात परत आले, सगळ्यांचा २४ व्होल्टच्या इनपुटवरचा सिरॅमिक कपॅसिटर जळून काळा. कपॅसिटर ५० व्होल्टचा, चांगल्या कंपनीचा. आठवडाभर मी सप्लायमधले झटके मोजत राहिलो. काही सापडलं नाही.

ताई एका दुपारी चहानंतर माझ्या टेबलाशी आल्या. हातात न तोडलेलं पॅनल होतं. चार कार्डं एकत्र छापलेली असतात, मध्ये व्ही आकाराची खाच असते, पार्ट्स बसवून झाल्यावर हाताने वाकवून ती वेगळी करतात. "सर, हे कडेचं कार्ड तोडताना हाताला वेगळं लागतं," त्या म्हणाल्या. "बाकीची टचकन सुटतात. हे कडक जातं. आणि धरायला इथंच जागा आहे." त्यांनी अंगठा ठेवून दाखवला. अंगठ्याच्या शेजारी, खाचेपासून जेमतेम दीड मिलिमीटरवर, तो कपॅसिटर.

सिरॅमिक कपॅसिटर म्हणजे कपबशीच्या मातीसारख्या पदार्थाचे शेकडो पातळ थर, मध्ये धातूचे थर. दाबाला पक्का, वाकण्याला कच्चा. पीसीबी वाकते तेव्हा तो तिच्याबरोबर वाकू शकत नाही. मग टोकाच्या सोल्डरजवळ, खालच्या बाजूने, तिरपी भेग जाते. वरून काही दिसत नाही. टेस्ट जिगवर तो पास होतो, मीटरवर व्हॅल्यू बरोबर येते. पुढे महिनाभरात त्या भेगेत दमट हवा शिरते, थर एकमेकांना भिडतात, आणि चोवीस व्होल्ट थेट त्यातून वाहतात.

एक चांगलं वाटणारं कार्ड घेऊन आम्ही तो कपॅसिटर रेझिनमध्ये बसवला, पॉलिश पेपरवर घासत घासत मध्यापर्यंत आणला. सूक्ष्मदर्शकाखाली थर वहीच्या पानांसारखे दिसत होते आणि खालच्या कोपऱ्यातून पंचेचाळीस अंशांत वर गेलेली एक काळी रेघ. ताईंना बोलावून दाखवली. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ते आपल्याच हाताने तुटत होतं." मी म्हटलं, नाही ताई, माझ्या हाताने. तो तिथं मी ठेवलाय.

पुढच्या रिव्हिजनमध्ये कपॅसिटर सहा मिलिमीटर आत गेला आणि नव्वद अंशांत फिरला, लांब बाजू खाचेला समांतर. तसा ठेवला की वाकण्याचा ताण त्याच्या लांबीवर येत नाही. तोडायला चाकाचं कटर आणलं. त्यानंतर आमच्याकडे कुठलाही लेआउट ताईंनी पाहिल्याशिवाय फॅब्रिकेशनला जात नाही. त्या काय पाहतात? पार्ट बसल्यावर डायोडची पट्टी झाकली तर जाते का, कनेक्टरची वायर लावताना बोटं शिरतात का, जिगवर कार्ड उलटं बसू शकतं का. हे आमचं लेआउटचं सॉफ्टवेअर तपासून देत नाही.

*

२०२१ च्या चिपांच्या टंचाईबद्दल फार लिहीत नाही, त्या वर्षी या धंद्यातल्या प्रत्येकाने ते भोगलं. शे-दीडशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर हजाराच्या पुढे गेला आणि तरी मिळेना. अधिकृत डिस्ट्रिब्यूटर वर्षभराची मुदत सांगत. आम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत फोन केले. एका ठिकाणाहून आलेल्या शंभर चिपांवरची छपाई अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली आणि खालून वेगळाच नंबर निघाला. मी ती कार्डं बनवू दिली नाहीत. मशीनवाल्या ग्राहकाचा संताप योग्य होता, त्याचं मशीन एका कार्डावाचून अडून होतं. पण वाळूची बकेट पाहिलेला माणूस खात्री नसलेली चिप कार्डावर कशी बसवेल? शेवटी आम्ही दुसऱ्या कंपनीची, पिना जुळणारी चिप घेतली आणि तिच्यासाठी सगळ्या चाचण्या पहिल्यापासून केल्या. पिना जुळतात म्हणजे चिप जुळते असं नाही. तिचा सप्लाय खाली येताना ती कुठल्या व्होल्टला रीसेट होते, चालू होताना पिना किती मायक्रोसेकंद अधांतरी असतात, हे सगळं वेगळं निघालं. सहा आठवडे गेले. पण फील्डवरून एकही कार्ड परत आलं नाही.

नव्याने लागलेली मुलं हुशार असतात. सिम्युलेशन माझ्यापेक्षा छान करतात. मी त्यांना पहिल्या महिन्यात सर्किट देत नाही. दोन आठवडे ताईंच्या लाइनवर बसवतो, सोल्डरिंग आणि जिग. मग दोन आठवडे फील्डच्या माणसाबरोबर. एकाने विचारलं, सर, यात डिझाइनचं काय आहे? मी त्याला शिरोलीला नेलं. मामा आता निवृत्त झालेत, पण त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांनी त्या मुलाला पॅनल दाखवलं, पाइप दाखवला, क्रेन दाखवली, आणि कार्ड बिघडलं तेव्हा काय झालं होतं ते सगळं सांगितलं, माझ्या फोनवरच्या उत्तरांसकट. मी शेजारी उभा होतो. त्यांनी ते सांगणं मला हवंच होतं. परतीच्या वाटेवर मुलगा बराच वेळ गप्प होता. कराडच्या पुढे त्याने विचारलं, "सर, आपल्या नव्या कार्डाच्या लोडसेलची केबल किती मीटर जाणार आहे?" मला माहीत नव्हतं. गाडीतूनच ग्राहकाला फोन केला.

माझ्या ड्रॉइंगमध्ये आता एक सवय आहे. कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक रेषेशेजारी तिची खरी लांबी लिहायची, आणि शेजारून काय जातं तेही. लांबी माहीत नसेल तर तिथं प्रश्नचिन्ह असतं, आणि प्रश्नचिन्ह असलेल्या ड्रॉइंगवर मी सही करत नाही. शिरोलीच्या कार्डाची रिव्हिजन डी आजही चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर प्रॉक्सीच्या रेषेशेजारी लिहिलंय: ४२ मीटर, क्रेनच्या फीडरपासून वेगळ्या पाइपमधून.